पाणी तोलणारी नूतन

ताणावरचा जाड दोर तुटला तर तो फटक्यासरशी मागे येतो आणि समोरच्या माणसाचा पाय मोडू शकतो. हे मला नूतननेच सांगितलं, मागच्या दिवाळीत करंज्या तळताना, हसत हसत. तिला वाटलं, आई विसरून जाईल. मी विसरले नाही. आज संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हापासून तर तो दोर डोळ्यांपुढून हलत नाही.

नूतन आमची एकुलती एक. पारोळ्यात वाढली, धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, आणि आता चेन्नईहून जहाजावर जाऊन खोल समुद्रात त्सुनामीची खबर देणारे तरंगते बोये सोडते. पुढच्या फेरीत डेकवरच्या कामाची प्रमुख होशील का, असं तिला विचारलंय. प्रमुख म्हणजे बोया सोडायच्या त्या दोराच्या सगळ्यांत जवळ उभी.

"आई, सकाळी सरांना सांगायचंय. तू हो म्हणालीस तरच मी हो म्हणेन."

मी म्हटलं, "बघू."

यांना विचारलं, तर ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मी काय सांगू? तिन्ही माय तू शे." तिची आई मी, तेव्हा ठरवायचंही मीच.

हे, म्हणजे लोटनराव, इथल्या बाजार समितीत मापाडी आहेत. धान्याचं पहिलं माप झालं की 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, हे नूतन अंकलिपीच्या आधी शिकली. यांचा दुसरा नेम असा, की पोतं काट्यावर चढवण्याआधी शेतकऱ्याला रिकामा काटा दाखवायचा आणि आकडा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. कितीही गर्दी असो, मागचे कितीही ओरडोत.

पोरीचं काम मला कळलं तेही याच काट्यामुळे. मला वाटायचं, त्सुनामी म्हणजे ताडाएवढी लाट, आणि ही जहाजावर! ती म्हणाली, "अगं, खोल समुद्रात ती हातभरसुद्धा उंच नसते. जहाजाखालून गेली तरी आम्हाला कळत नाही. उंच होते ती किनाऱ्याजवळ." मग कळतं कोणाला? तळाशी ठेवलेल्या यंत्राला. ते डोक्यावरच्या पाण्याचा भार सतत तोलत असतं. भार वेगळाच वाटला, की ते आवाजाच्या खुणांनी वरच्या बोयाला सांगतं, बोया उपग्रहाला, आणि उपग्रह किनाऱ्यावरच्या केंद्राला. भूकंप झाला एवढ्यावरून लाट उठलीच असं म्हणता येत नाही. हे माप आलं की कळतं, गावं हलवायची की उगाच पळापळ नको.

"म्हणजे भाऊंसारखा मापाडीच, फक्त तीन किलोमीटर पाण्याखाली बसलेला," ती म्हणाली. वडिलांना ती भाऊ म्हणते.

आमच्या नणंदबाई, कमलअक्का, चारचौघींत माझ्या लेकीवरून टोमणा मारतात, "समिंदरमा काय कापूस मोजाले गयी का वं तुन्ही आंडेर?"

"कापूस नाही अक्का, पाणी तोलायला," मी सांगते. तेवढ्यापुरती मान ताठ होते. घरी आले की पुन्हा दोर.

तिला प्रमुखपद का देऊ केलं, ते तिने नव्हे, तिच्या सरांनी मला सांगितलं. आज तिचं बोलून झाल्यावर त्यांनीच फोन मागून घेतला. गेल्या फेरीत आभाळ भरून येत होतं, यंत्र पाण्यात सोडायची घाई होती. ही आडवी उभी राहिली. "आधी रिकामा आकडा दाखवा. मी नाही, दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचा." सगळे चिडले. कालच तपासलंय, म्हणाले. ही म्हणाली, "ते काल." वाचला, तर यंत्र डेकवर कोरडं असतानाच जास्तीचा भार दाखवत होतं. तसंच तळाशी गेलं असतं, तर तिथे बसून खोटं माप सांगत राहिलं असतं. दुसरं यंत्र जोडण्यात अर्धा दिवस गेला. सर म्हणाले, "ही सवय हिला कुठून लागली हो?"

मी यांना ही हकीकत सांगितली तशी यांनी ताट बाजूला सारलं. हात धुतले, चपला घातल्या आणि थेट शेजारी अक्कांच्या ओट्यावर गेले. घरात बसून मला ऐकू आलं, "अक्का, मन्ही पोरनी समुद्रमा रिकामा काटा दखाडा!" इतका मोठा आवाज यांनी बाजाराबाहेर कधी काढलेला मला आठवत नाही.

आता हे झोपलेत आणि मी लिहीत बसले आहे. मघापासून मी तिच्या बाजूचं एकेक काट्यावर ठेवून पाहते, आणि प्रत्येक वेळी माझी भीतीच जड भरते. भरणारच. ती मी आधीपासून काट्यावर ठेवलेली होती. ती उतरवून पाहिलं, तर उरतं एवढंच: घाईच्या वेळी सगळ्यांना थांबवणारं माणूस दोराजवळ उभं असेल, तर तिथल्या प्रत्येकाचा पाय सलामत राहील. आणि असं माणूस त्या जहाजावर माझी मुलगी आहे.

सकाळपर्यंत थांबले तर मन पुन्हा फिरेल. ती फेरीचं सामान भरत जागीच असणार. आत्ताच फोन लावते. हो म्हण, सांगते. आणि दोर ताणला की नेमकी कुठे उभी राहणार, तेही तिच्याकडून नीट समजून घेते.