दोनदा विसळलेला ग्लास

जयवंत पहाटे डोळे मिटून बसायचा, म्हणजे माणिकपूरच्या चाळीतून हळूच निसटायचाच म्हणा ना. डोळ्यांपुढे निर्मळ गावचं तळं यायचं, काठच्या केळींवर धुकं. विहारातल्या भन्तेंनी त्याला मैत्रीभावना शिकवली होती. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग घरच्यांचं, मग अनोळखी माणसाचं आणि शेवटी ज्याचा राग येतो त्याचं. तिघांपर्यंत स्वारी तरंगत जायची. चौथ्या नावाशी अडायची.

ते नाव शेजारच्या मीरावहिनींचं. साल १९९८, पण जयवंतच्या घरचा हंडा भरला की वहिनी हिरव्या बांगड्या सावरत चाळीचा नळ राखेने घासायच्या, मगच आपली कळशी लावायच्या. पाण्याची एवढी बोंब, पण नळ धुवायला पाणी असायचं. पाच वर्षं त्याने 'वहिनींचं भलं होवो' म्हणून पाहिलं. मन नळाशीच जाऊन अडायचं.

"घाई कशाला? बसत राहा," भन्ते म्हणायचे.

सातिवलीच्या कारखान्यात तो लेथ चालवायचा. तिथे शत्रुघ्न नावाचा बिहारचा माणूस नवा लागला होता. 'त्या लोकांबद्दल' जयवंतचं मत आधीच ठरलेलं. एका दुपारी जेवण झालेलं, पंख्याच्या घरघरीत डोळ्यांवर झापड. शत्रुघ्न माठावरच्या ग्लासने पाणी पिऊन वळला. जयवंतने ग्लास विसळला. मग पुन्हा विसळला. आणि त्या तंद्रीत आपल्या हाताच्या जागी त्याला हिरव्या बांगड्यांचा, राखेने माखलेला हात दिसला.

"जयवंतभाऊ, मी वरूनच पितो," मागून शत्रुघ्न म्हणाला. "ग्लासला तोंड नाही लावत."

जयवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. त्याने ग्लास भरून शत्रुघ्नला दिला. "लाव तोंड," म्हणाला. उरलेलं अर्धं पाणी तो स्वतः प्यायला.

दुसऱ्या पहाटे तळ्यावरच्या धुक्यात मीरावहिनींचं नाव आलं आणि न अडता पुढे गेलं. बाहेर नळ घासल्याचा आवाज येत होता. वहिनींचं चूक ते चूकच. पण आज ते सांगायला त्याला रागाची गरज नव्हती. तो उठून बाहेर आला.

"वहिनी, राहू द्या. माणसाने बाटत नाही काही," तो म्हणाला. "काल मीही एकाचा ग्लास असाच धुतला. फार लाज वाटली."

वहिनींनी वर पाहिलं नाही. राखेचा हात मात्र नळावर थांबला. मग नळ अर्धाच घासलेला ठेवून त्यांनी कळशी खाली लावली.