चिंचोक्याएवढे मामा

चहाला चार बाया बसल्या, की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, त्या कॅमेऱ्याचं सांगा!" आता त्यातलं कुठलं सांगू? धान्याच्या पोत्यात सोंडे किडे व्हावेत तसे त्या एका डबड्याचे किस्से वाढत गेलेत.

झालं असं. आमचे हे दौंडला रेल्वेत. त्यांनी पुण्याहून जुना, स्वस्तातला डबा कॅमेरा आणला. त्याच आठवड्यात कवठे येमाईहून यांच्या राहीआत्या आल्या. त्यांच्या मालकांना, म्हणजे मामांना, जाऊन वर्ष होत आलेलं. त्यांचा एकच फोटो, तोही आत्यांच्या दिराच्या लग्नातला, घोळक्यातला. पुरुष मागं उभे, बाया पुढं बसलेल्या. मामांचं तोंड चिंचोक्याएवढं!

"तेवढं तोंड मोठं करून दे, बाबा. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचंय," आत्या म्हणाल्या.

हे म्हणाले, "आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवतो."

* * *

पहिला मान शेजारच्या पारूबाईंच्या नथीला. यांनी कॅमेरा पार नाकाला टेकवला. रोल धुऊन आला, तर स्टुडिओवाला विचारतो, "साहेब, धुक्यात भोपळा कशाला काढला?"

पारूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. यांच्याशी बोलत होत्या!

* * *

स्टुडिओवाल्यानंच अक्कल दिली, की या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही, भिंग लावा. घड्याळजीकडचं जुनं भिंग आणून काचेवर मेणानं बसवलं. आता वस्तू बरोबर अर्ध्या वितीवर पाहिजे. म्हणून कॅमेऱ्याला तेवढा दोरा बांधला. तो ताठ झाला, की खटका दाबायचा.

आमच्या शेळीचा डोळा काढायचं ठरलं. तिनं दोराच चघळायला घेतला!

मी धावले, तर हे म्हणतात, "थांब, खाऊ दे! तोंड जवळ येतंय!"

शेळीला एक आणि यांना चार सुनावल्या.

* * *

मग ज्वारीचं कणीस. मी धरलं, यांनी श्वास रोखला. आणि आलं की हो! दाण्यावरची मुंगीसुद्धा मिशांसकट!

भांडगावच्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "ज्वारी झ्याक हाय. पर यंदा एवढंच एक कणीस आलं व्हय?"

* * *

हात बसला म्हणून आत्यांनी ठेवलेला तो घोळक्याचा फोटो भिंतीला टेकवला. बघायच्या खिडकीतून मामांच्या तोंडावर नेम धरला, दोरा ताणला, खट! स्टुडिओत मोठा करून घेतला. तो न्यायला आत्या खास एस.टी.नं आल्या.

कागद सोडला, तर आत बाईचं तोंड! आणि वर मामांच्या कोटाची दोन बटणं.

कॅमेऱ्याची खिडकी वर, काच खाली; खिडकीत दिसतं त्याच्या खालचं फोटोत येतं. लांबून फरक पडत नाही, जवळून पडतो. कणसाला वर काय आणि खाली काय, सगळीकडं दाणेच. माणसांचा मात्र घोटाळा झाला.

"ही कोन गं?" आत्यांनी विचारलं.

"अहो, तुम्हीच! मामांच्या पुढं बसलेल्या."

आत्या फोटो घेऊन दारात उजेडाला गेल्या. चहा गार झाला तरी तिथंच. यांनी मान खाली घातली. "आत्या, चुकलं. रोल घालतो, मामांना आत्ता काढून देतो."

"एवढी देखणी व्हते मी?" आत्या म्हणाल्या. "आन् जलमभर त्या मानसानं एकदाबी सांगितलं न्हाई!"

त्यांनी फोटो पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या.

"ऱ्हाऊ दे त्यास्नी तितंच मागं हुबं!"