दोन वह्यांचं एक उत्तर

मोजपट्टी हे नाव त्याला विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याच्या गणितातल्या चुका शोधायच्या, यातच त्याच्या नोकरीची तीस वर्षं गेली. स्वतःचं म्हणावं असं मोठं काही त्याच्या हातून झालं नाही. पण भौतिकशास्त्र विभागाच्या त्या ओल आलेल्या इमारतीत तपासावं तर त्यानेच, हे त्याच्याशी न पटणारेही कबूल करत.

त्याचा जोडीदार दाढी, हेही विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं नाव. कल्पना दाढीच्या, तपासणी मोजपट्टीची. दोघांचा विषय निघाला की घरची माणसं जांभया देत. दोन जड अणुकेंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळली, की क्षणभर (क्षण म्हणणंही फार झालं) सगळं वितळून क्वार्क आणि ग्लुऑन या मूलकणांचा एक तापलेला रस होतो. त्यातून एखादा जड क्वार्क कसा वाट काढतो, कुठे किती अडतो, हे या दोघांना काढायचं होतं. दाढी वर्गात सांगायचा, "भर गर्दीतून लोखंडी कपाट न्यायचंय असं समजा. धक्के हलके, पण असंख्य. गर्दी सगळीकडे सारखी असती तर सोपं होतं. पण इथे सगळे एका रेषेत पांगतायत. म्हणजे त्या रेषेने जाताना अडथळा वेगळा, आडवं जाताना वेगळा." नेमका किती वेगळा, इथेच घोडं पेंड खात होतं.

दोघांचा एक नियम होता. गणित आपापल्या वहीत, आपापल्या खोलीत करायचं. शेवटचं उत्तर येईपर्यंत एकमेकांना चकार शब्द विचारायचा नाही. मग वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि उत्तरं जुळली नाहीत तर दोघांनीही पहिल्या पानापासून पुन्हा.

नऊ वर्षांपूर्वी या गणिताची वेळ आली तेव्हा मोजपट्टीची बायको इस्पितळात होती. त्याने निम्मी वही तिथल्या बाकावर बसून भरली. उत्तर घेऊन विभागात आला तेव्हा दाढी वर्गावर होता आणि त्याची वही टेबलावर उघडीच होती. मोजपट्टीने नजर टाकली. सगळं जुळत होतं, फक्त एका पदाचं चिन्ह सोडून. दाढीकडे अधिक, याच्याकडे वजा. चिन्ह बदललं की अडथळा जास्त कुठल्या दिशेने, हेच उलटं होत होतं.

नियमाप्रमाणे पुन्हा सुरुवात करायची, म्हणजे आणखी तीन महिने. त्याच्याकडे तीन दिवस नव्हते. आणि दाढीचं गणित कधी चुकलं होतं? आपण तर महिनाभर धड झोपलेलो नाही. चूक आपलीच, दुसरं काय! त्याने खोडरबर घेतला, वजाचं अधिक केलं आणि वरच्या तीन ओळी त्याला शोभतील अशा करून टाकल्या. जगाची गणितं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं एक गणित तेवढं तपासलं नाही.

दाढी आला. "जुळलं," मोजपट्टी म्हणाला. दाढीने त्याला मिठीच मारली.

आठव्या दिवशी बायको गेली. त्यानंतर कसलं चिन्ह आणि कसलं काय. निबंध छापून आला, दाढीला चार ठिकाणची बोलावणी आली, आणि तो दर वेळी छातीठोकपणे सांगत राहिला, "दोघांनी वेगवेगळं केलंय."

यंदा पत्र आलं. दूरच्या कुठल्यातरी मंडळींनी तेच गणित नव्याने केलं होतं आणि चिन्ह चुकल्याचं दाखवलं होतं. पत्र सभ्य होतं, म्हणूनच जास्त लागलं. मोजपट्टीने दार लावून घेतलं आणि दोन आठवडे खपून सगळं पुन्हा केलं. वजाच आलं.

दाढी तोवर थोरल्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला होता. कर्करोग हाडांत उतरला होता. मोजपट्टी भेटायला गेला तेव्हा पत्र दाढीने वाचलेलं होतं.

"खरं सांग," त्याने विचारलं, "तुला तेव्हा काय आलं होतं?"

"तुला आलं तेच."

मरणाच्या दारातल्या माणसाला आणखी कशाला टोचायचं, असं मोजपट्टीला वाटलं. पण दाढीचे डोळे लकाकले.

"मग ही साधी चूक नाही! दोन डोकी वेगवेगळी बसून एकच चूक करतात, म्हणजे आपण सुरुवातीला जे धरून चाललो त्यातच काहीतरी आहे. ते शोधायला हवं. मला कागद दे."

दहा दिवसांनी मोजपट्टी पुन्हा गेला, तर ताईने त्याला दारातच गाठलं.

"भाऊ, तुम्ही तरी समजवा त्याला. दुखण्याचं औषध घेत नाही. म्हणतो गुंगी येते, गणित चुकतं. कण्हतो आणि लिहितो, कण्हतो आणि लिहितो. मला बघवत नाही हो."

आत अंथरुणभर कागद होते. सुरुवातीच्या गृहीतात जी चूक नव्हतीच, ती हा माणूस शोधत बसला होता. मोजपट्टी त्याच्या पायांशी बसला.

"थांब आता. मी खोटं बोललो. मला वजा आलं होतं. तुझी वही पाहिली आणि खोडलं."

दाढीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, चूक माझीच असणार. तुझी कधी होत नव्हती ना."

दाढीने पेनाला टोपण लावलं.

"तू मागे आहेस म्हणून मी एवढ्या ताठ मानेने बोलायचो, रे," तो म्हणाला. "नऊ वर्षं. आणि मागे कुणी नव्हतंच."

मोजपट्टीला रडू फुटलं. दाढीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे वळला आणि त्याने बहिणीला हाक मारली. ती धावत आली.

"ताई, औषध दे."

तिने घाईघाईने चमचा त्याच्या तोंडाशी धरला. त्याने निमूटपणे घेतलं. अंथरुणावरचे कागद गोळा करता करता ती मोजपट्टीकडे वळून, डोळे पुसत म्हणाली, "फार उपकार झाले, भाऊ. तुमचंच ऐकतो तो."