कागद घातलेला क्रेट

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी मला विचारलंत, माझ्या खुर्चीमागचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा कुठे गेला. कडेला कड लावून, महिन्यांप्रमाणे रचलेला तो गठ्ठा तुमच्या आत्याने नेला आणि त्याचे डाळिंबांचे क्रेट केले. कॉलवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आत्याचं चिंचोळी एमआयडीसीतलं युनिट तुम्ही पाहिलेलं नाही. पत्र्याची शेड, मोजकी मशिनं आणि कोपऱ्यात फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, झाकणं यांचा ढीग. ते प्लास्टिक धुऊन, वितळवून ती क्रेट बनवते. पण प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळवलं की त्याचा दम जातो. फळांनी भरलेले क्रेट एकावर एक रचले की खालचा वाकतो आणि माल दबतो. म्हणून तिने त्यात कागद घालायचं ठरवलं. रद्दी दळून कापसासारखी करायची, वाळवायची आणि तो तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळायचा. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण हे मला लगेच पटलं. माझ्या माहेरी भिंत तडकू नये म्हणून मातीत गव्हाचा भुसा तुडवत असत.

उन्हाळ्यात काढलेले क्रेट टणक निघाले. ते पाहून केम गावाकडच्या एका डाळिंबवाल्याने पूर्ण हंगामाचे क्रेट तिच्याकडून घ्यायचं कबूल केलं. पण श्रावणात काढलेल्या मालाच्या बुडाला फोड आले. फोडावर अंगठा दाबला की क्रेट कडकन तुटायचा. डाळिंबवाला त्याच आठवड्यात यायचा होता. तो रिकामा परतला असता तर कागदाचं काम बंदच करावं लागलं असतं.

जुळे सोलापूरच्या आपल्या घरात आत्याचं जेवणात लक्ष नसायचं. एका सकाळी मीही तिच्याबरोबर शेडमध्ये गेले. ड्रायरमधून काढलेला गरम तंतू कामावरच्या बायका पाट्यांमध्ये पसरत होत्या आणि वर जुनं सुती लुगडं झाकत होत्या.

“हे इथे कशाला ठेवलंय?” आत्याने विचारलं.

“निवाया ठेवलंय की, ताई,” त्यांच्यातली थोरली म्हणाली. “गरम भरलं तर डब्याला घाम सुटतो. कुरडया गरम भरतो व्हय आपण? इचारा आजीला.”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात हेच चालतं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाट्यांकडे. ती गाडी काढून घरी गेली आणि माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. ड्रायरमधला गरम तंतू एका ताटात घेऊन तिने तोलला आणि ताट तसंच लुगड्याखाली ठेवलं. संध्याकाळी पुन्हा तोललं तर काटा पुढे सरकलेला.

“पावसाळी हवेतलं पाणी प्यायलाय,” ती म्हणाली. “मशीनमध्ये त्याची वाफ होते, म्हणून फोड.”

“म्हंजे आमी वाळवतो आन् लुगडं भिजवतं?” थोरलीने विचारलं.

“लुगड्याचा काय दोष? कुरडई तळताना फुलली पाहिजे, मावशी. क्रेट फुलून कसं चालेल?”

“आमाला काय ठावं, ताईंना फुललेलं आवडत न्हाय,” दुसरी म्हणाली, तशी आत्या कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवसापासून ड्रायरमधला तंतू तसाच गरम मिक्सरमध्ये जाऊ लागला. पाट्या उपड्या करून बायका त्यांच्यावर बसू लागल्या. नव्या मालाचं बूड गुळगुळीत होतं, करडं, आणि त्यात बारीक ठिपके. माझ्या गठ्ठ्यातला, हिंदी महासागराचा नकाशा असलेला पुरवणीचा कागदही त्यात असेल.

डाळिंबवाला आला. त्याने क्रेट उलटासुलटा केला, बुडावर नख ओढलं, भरलेले क्रेट छातीपर्यंत रचायला लावले आणि चहा पिऊन झाल्यावर खालचा ओढून काढला. वाकलेला नव्हता. तरी त्याचं समाधान होईना.

“कागद हाय म्हणता, ताई. लई दिवस टिकंल का?”

आत्या उत्तर द्यायच्या आत त्याने तो क्रेट रिकामा केला, उपडा घातला आणि मला म्हणाला, “आजी, उभ्या कवाच्या. बसा की.”

तुम्हाला माझं वजन माहीत आहे. मी बसले. क्रेट कुरकुरला नाही. शेडमधल्या सगळ्या बायका क्रेटकडे पाहत होत्या, आत्या मात्र माझ्या चेहऱ्याकडे. लहानपणी प्रगतिपुस्तक हातात दिल्यावर ती अशीच पाहायची.

“बाजारातल्या क्रेटवर मी बसले नसते,” मी त्याला सांगितलं. “हा माझ्या मुलीने केलाय.”

तो हसला आणि म्हणाला, “मग भरा गाडी.”

गाडी भरेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. तो एक क्रेट मी त्याला नेऊ दिला नाही. आता तो माझ्या खुर्चीमागे आहे, आणि त्यात या महिन्याची वर्तमानपत्रं कडेला कड लावून ठेवली आहेत.