निळ्या शाईचा गोल

साळवेबाई गेल्याची बातमी भंडारदऱ्याकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं आणली. तिकडच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, काविळीनं गेल्या. आठवडाभरात कोल्हारजवळच्या आमच्या दवाखान्यात शोकसभाही उरकली. अध्यक्ष बागाईतदार आबासाहेब, वक्ते आमचे डॉक्टर. बाई म्हणे रुग्णसेवेचा दीपस्तंभ होत्या! ज्या दोघांनी त्यांना इथून घालवलं, तेच दोघं फोटोला हार घालत होते. लाज कोळून प्यायलेल्यांचे हात थरथरत नाहीत. मी इथला कंपाउंडर, सतरंजी घालायला होतो.

आमच्याकडे जखम झाली की धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलं. ते औषध घोड्याच्या रक्तापासून काढलेलं, एखाद्याला सोसत नाही. म्हणून बाई आधी मनगटाच्या वर, कातडीखाली एक थेंब टोचायच्या, माझ्या खिशातलं पेन मागून त्याभोवती निळा गोल काढायच्या आणि माणसाला अर्धा तास बाकावर बसवायच्या; सूज गोलाबाहेर गेली तर इंजेक्शन रद्द. डॉक्टरांना हा सगळा नसता उपद्व्याप वाटे. त्यांना घरी जेवायला जायची घाई असे, दुसरं काही नाही.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी ऊसतोडणी चालू असताना आबासाहेबांच्या नडगीला कोयता लागला. जीप थेट पायरीपर्यंत आली. डॉक्टर धावले, मंत्र्यापुढे धावावं तसे.

"लई येळा घेतलंय हे इंजेक्शन म्या," आबासाहेब छाती काढून म्हणाले. "दरसाल एक ठरल्यालं. मला काय हुतंय?"

"घोड्यासारखी प्रकृती आहे तुमची!" डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या आबासाहेबांना म्हणाल्या,

"लई येळा घेतलंय म्हनूनच थांबा. पहिल्यांदा अंगाला वळख नसती, ते गप ऱ्हातं. पन हे आपल्यातलं न्हाई, ही खूण धरून ठेवतं. पुन्यांदा तेच आत आलं की वळखतं, आन् असं उठतं की घरधन्याचाच जीव जातो."

थेंब टोचला, गोल काढला. दहा मिनिटांत लाल गांध उठून गोलाबाहेर गेली. तरी डॉक्टर भरलेली सिरिंज घेऊन उभेच... "डास चावला असेल." मोठ्या माणसाला ताटकळत ठेवायचं कसं, एवढीच त्यांची चिंता! बाईंनी त्यांच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. मग तासभर बसून जखम साबणपाण्यानं खरवडून धुतली. आबासाहेब चार दिवसांत चालायला लागले. ते औषध अंगात गेलं असतं, तर त्याच टेबलावर गुदमरून मेले असते.

उपकार कसे फेडले? उद्धट वर्तन आणि औषधाची नासाडी, अशी दोघांनी मिळून बाईंविरुद्ध वरती तक्रार केली. आबासाहेबांच्या अंगाला ओळख होती, आबासाहेबांना नव्हती. तक्रारीला साक्षीदार हवा होता. तो मी झालो. नोकरी, दोन पोरं, ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलीत, आणि दरवेळी स्वतःचीच किळस आली आहे. महिन्याभरात बदली आली. एसटीत चढताना बाई एवढंच म्हणाल्या, "पेन जपा, भाऊ. गोल काढायला लागंल."

गेल्या आठवड्यात आबासाहेब सुनेला घेऊन आले, तिच्या पायात गंजका खिळा घुसलेला. डॉक्टरांनी सवयीनं थेट सिरिंज भरली. बाईंची बदली झाल्यापासून इथं थेंबही नाही आणि गोलही नाही. आबासाहेबांनी हात आडवा घातला.

"थांबा. आदी गोल काढा. ती बाई काढायची तसा."

डॉक्टरांनी सुनेच्या मनगटाच्या वर थेंब टोचला आणि माझ्याकडं पाहिलं. आबासाहेब खाली बघत होते. मी खिशातून पेन काढलं. तक्रारीवर सही केली होती तेच. त्या दिवशी सही कशी झोकात आली होती... सुनेच्या हातावरचा गोल मात्र वाकडा आला.