धुण्याच्या बादलीत निघालेली क्लिप

मी नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेत बागेची देखरेख करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा उमरेडला हातमागावर बसायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. कृषीची पदवी घेऊन ही नोकरी लागली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गुलाबाचे वाफे होते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात ताब्यात आली ती झाडं कापायची पेट्रोलवरची चेनसॉ, आणि ती चालवणारे काकाजी.

काकाजी माझ्या बाबांच्या वयाचे. आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्यांनी कुऱ्हाडीने झाडं पाडली होती, आणि मशीनही ते कुऱ्हाडीसारखीच वागवायचे. एका हातात लोंबकळत धरायची, दुसऱ्या हाताने इंजिनची दोरी ओढायची आणि हवेतच सुरू करायची. गळ्यात दुपट्टा, त्याची दोन्ही टोकं मोकळी. मशीनच्या पुढच्या हँडलसमोर पंजाएवढी एक प्लास्टिकची पट्टी असते. ती पुढे ढकलली की ब्रेक लागतो आणि चेन फिरायची थांबते. लाकडात टोक अडकून मशीन उसळली, तर आपल्याच मनगटाचा धक्का त्या पट्टीला बसतो आणि चेन तोंडापर्यंत पोचायच्या आत थांबते. काकाजींना वाटायचं, भुसा डोळ्यांत उडू नये म्हणून कंपनीने ती लावली आहे.

मशीनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. माझं इंग्रजी उमरेडच्या शाळेतलं. शब्दकोश शेजारी घेऊन मी चार संध्याकाळी ते वाचलं आणि त्यातलं गरजेचं मोठ्या मराठी अक्षरांत लिहून स्टोअरच्या भिंतीवर चिकटवलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजूनच घालावं. पेट्रोल भरलं त्या जागेवर मशीन सुरू करू नये, चार पावलं दूर जावं. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय रोवून, ब्रेक लावूनच सुरू करावी. दुपट्टा घरी. काम सुरू असताना मोबाइल पिशवीत.

काकाजींनी तो कागद सावकाश, ओठ हलवत वाचला.

"अजी मॅडम, इतकं वाचेपर्यंत झाड स्वतःच वाळून पडते ना!"

त्यांच्या जोडीला, फांदीला बांधलेला दोर धरायला, एक मावशी होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण मागे हटले नाही. वर्षभर रोज सकाळी मी स्टोअरपाशी उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "काकाजी, ब्रेक?" आणि ते लांबूनच ओरडायचे, "लावला जी, लावला! पाय बी रोवला. आता हजेरी लावा!"

तेव्हा मला खरं कधीच कळायचं नाही की मी समोर नसताना ते असंच करतात की नाही.

धार लावणं मात्र आम्ही सोबत शिकलो. चेनच्या प्रत्येक दातावर गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, सारख्याच वेळा फिरवायची. धारदार दात लाकडाचे कपचे काढतो. बोथट झाला की नुसतं पीठ पडतं, माणूस जोर लावून दाबतो आणि तिथेच अपघात होतो. चेन किती ताणायची हे मात्र मला पुस्तकाआधीच हाताला कळलं. ताणलेल्या सुताला बाबा बोट लावून बघायचे तशी मी हातमोज्यातून चेन खाली ओढायची. सोडल्यावर ती चटकन जागेवर बसली पाहिजे, आणि हाताने फिरलीही पाहिजे. "हे तुमाले जमते बरं," काकाजी म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस खूश होते, आणि त्याच खुशीत पुढची चूक केली.

एप्रिल संपत आला होता. वादळात एक सुबाभूळ सायकल स्टँडवर कलली होती आणि सोमवारी ती काढायची होती. शनिवारी दुपारी काकाजी आणि मावशी गेल्यावर मी मशीन साफ करायला घेतली. एअर फिल्टर, चेन ज्यावर फिरते ते लांब पातं, त्याच्या खाचेतला काळा चिखल. मग बाजूचं झाकण उघडलं, तर आत ब्रेकच्या यंत्रणेत तेलाने थापलेला भुसा दिसला. ते उघडायचं काम सर्व्हिसिंगवाल्याचं. पण तो आठ दिवस घेतो, आणि मला वाटलं, आता मला येतं. मी वर्तमानपत्र पसरून एकेक भाग काढला, पुसला. मधेच आईचा फोन आला. बोलता बोलता मी सगळं परत बसवलं. ब्रेकची पट्टी पुढे ढकलली, टक्क आवाज आला. वर्गांत परीक्षा सुरू होत्या म्हणून इंजिन लावून पाहिलं नाही. पुसायचं फडकं पिशवीत कोंबलं आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी मानेवाड्याच्या माझ्या खोलीवर मी ते फडकं बादलीत झटकलं आणि तळाशी टिंग असा आवाज झाला. पाण्यात हात घालून काढलं, तर नखाएवढी अर्धगोल क्लिप.

ती कुठली आहे हे मला लगेच कळलं. ब्रेकची पट्टी आणि आतला लोखंडी पट्टा जोडणारी एक पिन असते. ती पिन निसटू नये म्हणून ही क्लिप. क्लिपशिवाय पिन एकदा-दोनदा जागेवर राहते, म्हणून तर टक्क वाजलं होतं. पण उचलठेव झाली की सरकणार. मग पट्टी कितीही ढकला, चेन थांबणार नाही.

सात वाजून गेले होते. उन्हामुळे त्या सोमवारपासून काम साडेसहालाच सुरू होणार होतं; माझी वेळ मात्र आठचीच होती.

काकाजींना फोन लावला. वाजत राहिला. मावशींना लावला. तोही वाजत राहिला. काम सुरू असताना मोबाइल पिशवीत, हे मीच भिंतीवर लिहिलं होतं. मग गेटवरच्या चौकीदाराला लावला.

"भाऊ, काकाजीला म्हणा मशीन बंद करा! लगेच!"

"काहून जी, का झालं?"

"आधी जा ना तुम्ही!"

"गेट सोडून कसा जाऊ? परीक्षेच्या पोट्ट्यांची लाइन लागली आहे." मग थोडं थांबून तो म्हणाला, "मशीनचा आवाज तर आला होता जी आत्ता. आता बंद आहे वाटते."

आला होता आणि बंद आहे. यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. झाड कापताना मशीन मधेच का बंद पडते याची जेवढी कारणं मला ठाऊक होती, ती सगळी रिंग रोडवर स्कूटी चालवताना आठवत गेली. ओला हात हँडलवर घसरत होता. क्लिप मी दाताखाली धरली होती. पर्स घ्यायचंही भान राहिलं नव्हतं. एका सिग्नलला शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का वं तुले?" मला तोंड उघडता येईना.

डोक्यात फक्त काकाजींचा डावा हात होता. त्या हाताला तंबाखू मळायची सवय, आणि अंगठ्याला कुऱ्हाडीच्या काळातला एक जुना वण. त्यांना काही झालं तर चौकशीच्या कागदावर कोणाचं नाव येईल ते येवो. चूक मीच केली होती, तीही शिकलेली आहे या गुर्मीत.

सायकल स्टँडकडे वळले तर तिथे कोणी पळत नव्हतं, ओरडत नव्हतं. सुबाभूळ कललेलीच होती. तिच्यावर एकही काप नव्हता. लिंबाच्या सावलीत उपड्या घमेल्यावर काकाजी बसले होते आणि मावशी त्यांना डब्यातला चहा ओतून देत होत्या. मशीन दहा हातांवर जमिनीवर, बंद.

मी स्कूटी स्टँडला न लावता सोडली. ती पडली.

"पाहा वं," काकाजी मावशींना म्हणाले, "मॅडम गाड्या बी पाडू लागल्या."

"तुम्हाला काही... लागलं का?" मी क्लिप हातात थुंकून विचारलं.

"मले का होते! मशीनलेच काही झालं." ते उठले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "मॅडम, मले बोलू नका, पण ब्रेक बिघडला वाटते माझ्या हातून. भुईवर ठेवली, पाय रोवला, ब्रेक लावला. दोरी ओढली, तर चेन गर्रकन फिरली. ब्रेक लावला असून! म्हटलं, हे का बाप्पा? पटकन बटण पाडलं अन् बसलो. तुमाले फोन करू म्हटलं, तर थैली तिकडे स्टोअरात राहून गेली."

"मी म्हटलं, चाला घेऊन येऊ," मावशी म्हणाल्या. "तर हे म्हणते, मशीनपासून हलायचं नाही, कोणी हात लावीन."

मी खालीच बसले. रडू आणि हसू एकदमच आलं, आणि मावशींनी अर्धा चहा माझ्या हातात दिला.

"तुम्ही नाही बिघडवला, काकाजी," मी मूठ उघडली. "मी. शनिवारी मी उघडला होता. हे लावायचंच राहिलं, घरी फडक्यातून निघालं."

त्यांनी क्लिप उचलून उन्हात धरली. उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता वर्षभराचं एकदम निघेल, आणि निघायलाच हवं होतं.

"इतकीशी?" ते म्हणाले. मग मावशींकडे वळून, "मी सकाळपासून घाबरून राहिलो होतो का मॅडम बोलते मले. अन् ही तर स्वतःच बोलणं खायले आली."

"मग बोला ना," मी म्हटलं.

"बोलीन. आधी चहा घे. थंडा होते."

त्या दिवसापासून त्यांनी मला 'मॅडम' कमी आणि 'पोरी' जास्त म्हटलं आहे.

चहा झाल्यावर आम्ही स्टोअरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मशीन ठेवली. मी झाकण उघडलं, पिन सरकून तळाशी पडलेली होती. ती जागेवर घालून मी क्लिप बसवली; काकाजी डोळे बारीक करून प्रत्येक भाग मोजत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "हे लागलं. हे लागलं. वर्तमानपत्रावर काही उरलं का? झटक. फडकं बी झटक." मी हातातलं फडकं झटकलं. काही पडलं नाही.

बाहेर येऊन मोकळ्या जमिनीवर मशीन ठेवली. मी चष्मा आणि हातमोजे त्यांच्यापुढे केले, तर त्यांनी ते माझ्याच हातात परत दिले.

"तू लावलं, तूच पाहा."

मी पट्टी पुढे ढकलली. बूट हँडलमध्ये रोवला, डाव्या हाताने पुढचं हँडल दाबून धरलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. माझी नजर चेनवर होती, काकाजींची, मावशींचीही. इंजिन घुमत राहिलं आणि चेन जागची हलली नाही.