रानपोपटीचा पाला

नागपुरात बेसाला आमच्या घराशेजारचा प्लॉट अजून रिकामा आहे. पाऊस सरला की तिथे रानपोपटी माजते. गुडघ्याएवढं झाड, मऊ पानं आणि कागदी आवरणात लपलेली पिवळी फळं. परवा कुणीतरी तिथलं गवत कापलं आणि तो हिरवा, उग्र वास खिडकीतून आत आला. आईला जाऊन वर्ष होत आलं, पण वासाबरोबर ती आलीच, पदराला तेलाचे डाग घेऊन.

खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्ही वाढलो. तिथे सगळ्यावर राख बसायची. रानपोपटीचं पिकलं फळ मात्र सोललं की लख्ख निघे, म्हणून तेवढंच न धुता खायची मुभा होती. आईचे निम्मे इलाज त्याच झाडात होते. कान ठणकला की पाल्याचा रस तेलात कोमट करून ती दोन थेंब सोडायची. बाबा वीजकेंद्रात टर्बाइनपाशी काम करत. त्या घरघरीनं त्यांचे कान हळूहळू गेले, आणि आईनं ते कधी मान्यच केलं नाही. रोज संध्याकाळी हाताला धरून ती त्यांना दारात बसवायची, डोकं मांडीवर घ्यायची, रस सोडायची आणि बोलत राहायची. शेजारणीची भांडणं, माहेरची लग्नं, काहीही. बहिऱ्या माणसाशी इतकं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. खुळीच होती म्हणा ना.

आता बाबा माझ्याकडे असतात. त्या वासानं मला राहवलं नाही. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, त्या रसानं कधी फरक पडला का?

"नाही वं," बाबा म्हणाले. "रामदासपेठेतल्या डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, नस मेली म्हणून."

मग आईला का नाही सांगितलं?

"काहून सांगू? सांगतलं असतं तं तिनं डोकं मांडीवर घेतलं असतं का? ती बोले ते कानाले नाही, पण तिच्या पोटाशी टेकलेल्या गालाले समजे."

काल मी पाला खुडून आणला, तेलात परतला. कानात घालायचा धीर झाला नाही. बाबांचं डोकं मांडीवर घेऊन ते तेल कानामागे चोळत राहिले. आमच्या घरी लेकी बापाशी कामापुरतंच बोलत, त्यामुळे काय बोलावं ते सुचेना. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बोलून नाही राहिली वं तू," ते म्हणाले.

मग मी सुरुवात केली, सकाळी डब्यात काय दिलं इथपासून. आवाज चढवायची गरज नव्हती.